घास कोण भरवणार?

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस म्हणजे आम्हा बायकांच्या परीक्षेचे दिवस. चकलीची भाजणी दळून आलेली असते, अनारशांचे पीठ मुरत पडलेले असते, माळ्यावरचे डबे खाली उतरलेले असतात, आणि नेमक्या अशा वेळी कामाच्या बाईने "उद्या येत नाही" म्हटले, की आपल्या पोटात गोळाच येतो. गेल्या वर्षी तो गोळा येऊ नये म्हणून मी आधीच बंदोबस्त करून ठेवला. आमच्या बाईला सांगून टाकले, "हे बघ, दिवाळी होईपर्यंत तू सकाळी सहाला यायचंस. वरचे पैसे देईन, पण खाडा चालायचा नाही."

ती नुसती "बरं, वहिनी" म्हणाली आणि दुसऱ्या दिवसापासून खरोखरच सहाच्या ठोक्याला येऊ लागली. शेजारच्या बिऱ्हाडी बाई न आल्याची रडगाणी चालली होती, आणि मी मात्र साडेसातलाच हात पुसून मोकळी होत होते. माझ्या हुशारीवर मी बेहद्द खूश होते.

आठव्या दिवशी ती आली ती कडेवर मूल घेऊन. धाकटी मुलगी, चौदा महिन्यांची. डोळे मोठे, केस पिंगट आणि मान आईच्या खांद्यावर टाकलेली. सासूबाईंनी नुकत्याच वळलेल्या बेसनाच्या लाडवाचा एक तुकडा तिच्या हातात दिला. पोरीने तो मुठीत धरला, पण तोंडाकडे काही नेला नाही. नुसती बघत राहिली. आमच्या सासूबाईंनी चार मुले वाढवली आहेत. त्या हळूच मला म्हणाल्या, "लाडू हातात आहे आणि मूल खात नाही. हे लक्षण काही बरं नाही हो."

"आज अंगणवाडीत वजनं आहेत, वहिनी," बाई म्हणाली. "ताईंनी बजावलंय, हिला आणलीच पाहिजे म्हणून. दहाला सोडा मला."

"आणि एरवी कुणाजवळ ठेवतेस हिला?"

"मोठीजवळ."

मोठी म्हणजे नऊ वर्षांची. तिसरीत जाते, एवढे मला ठाऊक होते.

"मग तिची शाळा?"

बाई भांड्यांकडे वळली. नळाच्या आवाजात तिचे उत्तर जेमतेम ऐकू आले. "सहामाही चालू आहे तिची. पण दिवाळी होईस्तोवर नाही जात."

माझ्या सहाच्या ठोक्याचा हिशोब मला असा कळला. माझ्या चकल्या वेळेवर व्हाव्यात म्हणून एक पोर परीक्षेला मुकली होती आणि दुसरी दिवसभर तिच्या कडेवर होती. मी गॅस बंद केला, पायांत चपला सरकवल्या आणि बाईबरोबर निघाले.

रुळांच्या पलीकडे

आम्ही शीवला राहतो. रेल्वेचे रूळ ओलांडले की पलीकडे धारावी. इतकी वर्षे मी तिथे राहते, पण कुंभारवाड्यातून पणत्या आणण्यापलीकडे त्या बाजूला माझे पाऊल कधी पडले नव्हते. नव्वद फुटी रस्त्यावरून आत वळलो, तशी गल्ली अरुंद होत गेली. शेवटी शेवटी तर दोन्ही हातांनी दोन्हीकडच्या भिंती शिवता येतील, एवढीच वाट उरली. वर निळ्या ताडपत्र्या, खाली गटारावरच्या फरश्या. एका दारात चामड्याचे तुकडे कापणे चालले होते, दुसऱ्यात पापड वाळत होते, तिसऱ्यात शिवणयंत्राची खडखड. रिकामे बसलेले माणूस काही मला दिसले नाही.

अंगणवाडी म्हणजे दहा बाय बाराची एक भाड्याची खोली. भिंतीवर फळांचे तक्ते, कोपऱ्यात वजनकाटा, दाराशी चिमुकल्या चपलांची रांग. आत तीसेक मुले मांडी घालून बसलेली. त्यांत मराठी बोलणारी होती, तमिळ बोलणारी होती, हिंदी बोलणारी होती, पण सेविकाताईंनी "हात कुठे?" म्हटले की सगळे हात एकदम वर जात. मदतनीस बाई वाट्या मांडत होत्या. बचत गटाच्या बायकांनी शिजवून पाठवलेल्या खिचडीचा डबा उघडला, तेव्हा त्या एवढ्याशा खोलीत फोडणीचा वास दरवळला.

या खोलीला 'अंगणवाडी' म्हणतात आणि तिला अंगण नाही, याची मला गंमत वाटली. हा शब्द आपल्याच मातीतला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले, तेव्हा गरीब वस्तीतली मुले बालवाडीत येईनात. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात ३३ ठिकाणी सुरू केली, आणि गावोगावच्या केंद्रांना हेच नाव मिळाले. त्या पहिल्या ३३ ठिकाणांत आपली धारावीही होती. म्हणजे रुळांच्या पलीकडे पन्नास वर्षांपूर्वी एवढी मोठी गोष्ट सुरू झाली, आणि अलीकडे आम्हाला तिचा पत्ता नव्हता!

पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरजेप्रमाणे दवाखान्याकडे पाठवणे, आयांना आहाराचे शिक्षण आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शाळेआधीचे शिक्षण, अशी सहा कामे या खोलीकडे सोपवलेली आहेत. ही सगळी कामे पार पाडणाऱ्या बाईला सरकार 'पगार' देत नाही, 'मानधन' देते, आणि दिवाळीला 'भाऊबीज' पाठवते. याच मानधनासाठी डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविका-मदतनिसांनी संप पुकारला आणि तो ५२ दिवस चालला. तेव्हा वर्तमानपत्रातली ती बातमी मी पान उलटून सोडून दिली होती.

पट्टीवरचा पिवळा रंग

आमच्या बाईच्या मुलीचा नंबर लागला. काट्याने सात किलो शंभर ग्रॅम दाखवले. मग ताईंनी एक रंगीत पट्टी काढून मुलीच्या दंडाभोवती गुंडाळली. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेबारा सेंटिमीटर किंवा जास्त भरला तर हिरवा रंग. साडेअकरा ते साडेबाराच्या दरम्यान पिवळा. आणि साडेअकराच्या खाली लाल. पट्टी बारावर थांबली. पिवळा.

"दोन महिन्यांपूर्वी हिरव्यात होती ही," ताई वहीत आकडा लिहीत म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण बाईची मान खाली गेली.

माझ्यातली सुशिक्षित बाई लगेच जागी झाली. मी विचारले, "पण हिला तुमच्याकडून आहार मिळत नाही का? कायद्यानेच मिळायला हवा ना?"

मी चुकीचे बोलत नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली अंगणवाडीचा आहार हा मुलांचा हक्क ठरवला, २००६ साली प्रत्येक वस्तीला अंगणवाडी द्या म्हणून बजावले, आणि २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तर प्रत्येक मुलामागे ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने असे मापच लिहून दिले. तीन वर्षांवरच्या मुलांना ताजे शिजवलेले अन्न आणि तीन वर्षांखालच्यांना घरी न्यायचा शिधा, अशी त्याची वाटणी आहे.

ताई शांतपणे म्हणाल्या, "शिधा देते ना मी. दर वेळी सही घेऊन देते. पण ताई, शिधा घरी जातो, आणि आई तुमच्या घरी असते. मग भरवणार कोण?"

मला उत्तर सुचले नाही. खरे सांगायचे तर आजही ते वाक्य आठवले, की कुणीतरी माझ्याच स्वयंपाकघरात उभे राहून मला विचारते आहे, असे वाटते.

मुलांचे खाणे ओसरल्यावर ताईंनी मला समजावून सांगितले. आपल्यापैकी ज्यांनी मुले वाढवली त्यांना हे ठाऊक आहे. पण ठाऊक असलेल्या गोष्टीचा हिशोब आपण कधी मांडत नाही. सहा महिने मुलाला आईचे दूध पुरते. नंतर दुधाच्या जोडीला वरचे अन्न लागते. वर्ष-सव्वा वर्षाच्या, सात किलोच्या मुलाचे पोट ते केवढे? जेमतेम एक वाटी मावेल एवढे. एका बैठकीत पोटभर खाऊन दिवसभर राहणे त्याला जमतच नाही. त्याला दिवसातून तीन-चार वेळा जेवण आणि मध्ये एक-दोनदा काही खायला हवे. तेही पातळ पेजेसारखे नको, कारण पेजेने पोट भरते आणि अंगाला काही लागत नाही. चमच्यावरून ओघळणार नाही इतकी घट्ट खिचडी किंवा लापशी हवी, वर चमचाभर तेल-तूप, थोडे दाण्याचे कूट, कधी अंडे. आणि हे सगळे त्याच्याशी बोलत, त्याच्या कलाने, चिऊकाऊचे घास करीत भरवायला हवे. एका वाटीला अर्धा तास सहज लागतो. दिवसात पाच वेळा म्हणजे अडीच तास!

"आता नऊ वर्षांची पोर हे करील का?" ताईंनी विचारले. "ती काय करते? मूल रडलं की चहात बिस्किट बुडवून देते. मूल गप्प बसतं, पण त्याची भूक मरते. आणि चहामुळे अन्नातलं लोहसुद्धा अंगी लागत नाही. आई संध्याकाळी दमून आली की म्हणते, पोरगी जेवतच नाही."

देशभरच्या २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते दोन वर्षांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी मुले केवळ ११.३ टक्के निघाली. त्याच पाहणीत आपल्या महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी होती. हे आकडे वाचताना आपण नेहमी 'अन्न नाही' असे समजतो. अन्न कमी आहे हे तर खरेच. पण त्या दिवशी मला दुसरी गोष्ट दिसली. अन्न दारापर्यंत येऊन पोचलेले होते, आणि मुलापासून हातभर अंतरावर थांबलेले होते. त्या हातभर अंतराला आईचा हात लागतो. आणि त्या वेळी तो हात माझ्या पातेल्याला पितांबरी लावून घासत होता.

कोसबाडचा धडा

घरी येऊन मी कपाटातली जुनी पुस्तके काढली. मुले लहान असताना बालशिक्षणावरची दोन-चार घेतली होती. ताराबाई आणि अनुताई १९५७ साली बोर्डीहून डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. आदिवासी पाड्यांतली मोठी मुले शाळेत का येत नाहीत याचा शोध त्यांनी घेतला, तेव्हा एक कारण हेच निघाले, की ती घरी धाकट्यांना सांभाळतात. त्यावर या बायांनी उपाय काय काढावा? पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी. धाकट्याला कडेवर घेऊन ये, पाळण्यात ठेव आणि शेजारच्या वर्गात जाऊन बस! तिला त्यांनी 'विकासवाडी' म्हटले.

म्हणजे आमच्या बाईच्या थोरलीचे उत्तर कित्येक दशकांमागे मराठी बायांनी शोधून ठेवले होते. अंगणवाडी आपण देशभर नेली, पण तिच्या शेजारचे पाळणाघर वाटेत कुठेतरी राहून गेले.

अगदीच राहिले, असेही नाही. दिल्लीत १९६९ साली बांधकामावर दगडविटा वाहणाऱ्या मजूर बायांची मुले धुळीत पडलेली पाहून मीरा महादेवन यांनी तिथेच तंबूत पाळणाघर थाटले. त्यातून निघालेली 'मोबाईल क्रेशेस' ही संस्था १९७२ पासून मुंबईतही काम करू लागली. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मातृदुग्धपेढी काढली, आणि पुढे १९९९ मध्ये 'स्नेहा' ही संस्था स्थापन केली. ही संस्था धारावीच्या गल्ल्यांतून आयांपर्यंत आणि मुलांपर्यंत पोचते. कायदेही झाले. १९४८ च्या कारखाने कायद्याने स्त्री कामगारांच्या मुलांसाठी पाळणाघराची अट घातली. २०१७ साली मातृत्वलाभाच्या कायद्यात दुरुस्ती होऊन पन्नास किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या प्रत्येक आस्थापनेवर ती जबाबदारी आली.

इथे मी पुस्तक मिटले. पन्नास माणसे कामाला असलेली आस्थापना! माझ्या घरात तर एकच बाई कामाला येते. पाळणाघर कोणी काढायचे?

एकोणीस बायका

मग मी एक उद्योग केला. आमच्या इमारतीत सव्वीस बिऱ्हाडे आहेत. जिन्यात उभी राहून मी दोन दिवस मोजले. एकोणीस बाया कामाला येतात. त्यांच्यातल्या आठजणींची मुले तीन वर्षांच्या आतली. वेगवेगळ्या दारांआड पाहिले तर एकेक मोलकरीण. जिन्यात पाहिले तर एक कारखाना!

हा हिशोब घेऊन मी सोसायटीच्या सभेला गेले. तळमजल्यावर एक खोली आहे, तीत टेबल-टेनिसचे एक मोडके टेबल आणि गणपतीची मखरे ठेवलेली असतात. ती खोली सकाळपुरती पाळणाघराला द्यावी, असे मी सुचवले. सभेत दोन मिनिटे शांतता पसरली. मग एक गृहस्थ म्हणाले, "मुले रडतील." दुसरे म्हणाले, "उद्या पडली-बिडली तर जबाबदारी कोणाची?" एक बाई कुजबुजल्या, "आणि मग बायांची सारखी ये-जा, कामं कधी करणार त्या?" ठराव बारगळला. आमच्या यजमानांनी घरी येताना एवढेच म्हटले, "टेबल-टेनिसचं टेबल मात्र सुखरूप राहिलं."

पण बायकांनी बायकांशी बोलावे, हेच खरे. दुपारच्या चहाला मी एकेकीला बोलावले आणि पट्टीवरच्या पिवळ्या रंगाची गोष्ट सांगितली. चौदा घरे दरमहा तीनशे रुपये द्यायला तयार झाली. उरलेल्या बाराजणींनी आपापली कारणे सांगितली. त्यांना मी दोष देत नाही. आठ दिवसांपूर्वी मीही त्यांच्यातलीच होते.

पैशांपुढचे सगळे मात्र गल्लीने केले. आमच्या बाईच्या दोन घरे पलीकडे एक आजी राहतात. त्या आधीच तीन-चार मुले थोड्या पैशांवर सांभाळत असत, पण भरवणे म्हणजे चहा-बिस्किट एवढेच त्यांना ठाऊक. त्यांच्या जोडीला बाळंतपणानंतर काम सुटलेली एक तरुण आई आली. चटई, झाकणाचा पाण्याचा पिंप, आठ वाट्या-चमचे आणि एक कुकर, एवढ्यावर पाळणाघर मांडले. आया आपल्या मुलाच्या वाटचा शिधा घेऊन येत. तो तिथेच शिजे. अंगणवाडीच्या ताई आपले काम आटोपून दोन-तीनदा येऊन दाखवून गेल्या. लापशी किती घट्ट, तेल केव्हा, भरवण्याआधी साबणाने हात कसे धुवायचे. आठला, अकराला, दोनला आणि चारला, अशी वाट्यांची वेळ ठरली. सुरुवातीला आजी म्हणत, "एवढ्यांदा कुठं पोरं खातात?" आठवड्याभरात मुलेच चार वाजता कुकरकडे पाहू लागली!

संक्रांतीला मी वाणाला तिळगुळाबरोबर चमचे घेऊन गेले. त्या दिवशी आमच्या बाईची धाकटी आठ किलोला टेकली होती आणि पट्टी १२.७ वर, हिरव्यात, होती. थोरली जानेवारीपासून एकही दिवस घरी राहिली नव्हती.

इथेच गोष्ट संपवली असती तर ती छान दिसली असती. पण खरे सांगितले पाहिजे. जुलैत गल्लीत पाणी शिरले, आजी आजारी पडल्या आणि पाळणाघर तीन आठवडे बंद राहिले. मुलांना जुलाब झाले. धाकटीचे वजन दोनशे ग्रॅमने उतरले आणि थोरली पुन्हा आठ दिवस घरी बसली. तीन आठवड्यांत! एका आजीच्या तब्येतीवर आठ मुलांची वाढ टांगून ठेवणे बरोबर नाही, हे मला तेव्हा लख्ख कळले. आमचे तीनशे रुपये म्हणजे ठिगळ आहे, वस्त्र नव्हे. हे काम अंगणवाडीच्या शेजारी, पुऱ्या दिवसाचे आणि रीतसर पगाराच्या माणसांचे व्हायला हवे. तोपर्यंत आपल्याला काय करता येईल? आपल्याकडे येणाऱ्या बाईला एवढे तर विचारता येईल, "तू इथे आहेस, मग तुझ्या लेकराला कोण भरवतंय?" आणि उत्तर ऐकून आपले घड्याळ थोडे मागेपुढे करता येईल.

ऑगस्टमध्ये आजी बऱ्या झाल्या आणि कुकरची शिट्टी पुन्हा सुरू झाली. परवा मी गेले तेव्हा धाकटी वाटी पुढ्यात घेऊन आपल्या हाताने खात होती. निम्मे तोंडात, निम्मे गालांवर. मी घास करून पुढे केला, तर तिने माझा हात चक्क बाजूला सारला!

या दिवाळीला आमची बाई नऊला येते. थोरली सहामाहीला बसली; गणिताचा पेपर सोपा गेला म्हणाली. आमच्या चकल्या अजून व्हायच्या आहेत. गेल्या वर्षी त्या सहाच्या ठोक्याला सुरू होऊनही मऊ पडल्या होत्या, हे मात्र मी त्या वेळी कोणाला सांगितले नव्हते.